साठ मोजेपर्यंत

दोन-चार.

अंगठा तळहातात दुमडला की हात अर्धा होतो.

एक किलो तीनशे चाळीस.

बांगडी फुटली म्हणायचं नाही. वाढवली म्हणायचं.

नळ हाताने बंद करायचा नाही, कोपराने.

गर्भार बाईचा हात सातव्या महिन्यात मऊ असतो. आठव्यात सुजतो.

पाटोळे सिस्टरच्या मनगटावर काहीच नव्हतं. घड्याळसुद्धा नाही.

हे सगळं एका शनिवारचं आहे. त्याला चौदा वर्षं झाली. आता ओळीने सांगते.

*

"पद्मल, दुकान झाक आन् चल."

शालनवैनी दारात उभ्या होत्या. शिरटेवाडीच्या. त्यांच्या घरातल्या सगळ्या बायकांना बांगड्या आमच्याच दुकानातून. आधी माझे सासरे भरायचे, ते गेल्यावर मी.

"बाजाराचा दिवस आहे वैनी. कुठं चल?"

"सरकारी दवाखान्यात. स्वरूपाच्या बांगड्या काढायच्यात."

माझ्या हातात एका बाईचा हात होता. तो तसाच राहिला. ती बाईही वैनींकडे बघायला लागली. नव्या सुनेच्या बांगड्या काढायच्यात असं सासू येऊन सांगते तेव्हा कासारणीच्या मनात एकच गोष्ट येते.

"तोंड असं करू नगंस," वैनी म्हणाल्या. "माझा ल्योक धडधाकट हाय. दवाखान्याच्या भायेर च्या पीत बसलाय."

"मग?"

"स्वरूपा बाळात झाली. मंगळवारी. आठव्यातच. पोरगी हाय."

"बरी आहे?"

"काचंच्या पेटीत ठिवलीय. नळ्या लावल्यात. मांजराच्या पिल्लाएवढी." वैनी उंबऱ्यावर बसल्या. "डाक्टर म्हंत्यात, आईच्या उघड्या छातीशी धरायची, दोन-दोन तास. पेटीनं होत न्हाई ते आईनं व्हतं. ऊब धरंल, वजन धरंल. आन् ती नर्स स्वरूपाला आत घेईना. आधी बांगड्या काढा म्हंती. कोपरापर्यंत हात धुवायचं म्हंती. निघत न्हाईत तर फोडते म्हंती."

"फोडू द्या की मग."

"फोडू दिऊ?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

त्यांची थोरली सून अशीच घाईने दवाखान्यात गेली होती. तिथे कुणीतरी तिच्या हिरव्या बांगड्या खाटेच्या दांडीवर ठोकून फोडल्या. तिचं मूल फडक्यात गुंडाळून घरी आणलं. ओटीभरणाच्या बांगड्या बारसं होईपर्यंत हातातून जाऊ द्यायच्या नसतात. बांगड्यांनी काही होत नाही हे वैनींना कुणी सांगायला जाणार नव्हतं. मीही नाही. थोरलीच्या हातात परत बांगड्या मीच भरल्या होत्या.

"तू भरल्यास, तूच काढ," वैनी म्हणाल्या. "एकबी न फोडता."

मी दुकान झाकलं.

*

हे मधलं आहे. सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

स्वरूपाच्या हातात त्या बांगड्या पाच आठवड्यांपूर्वी भरल्या होत्या, ओटीभरणाला. तिचं माप दोन-सहा. वैनी म्हणाल्या, घट्ट बसू दे, खुळखुळ नको. मी एक माप खाली घेतलं, दोन-चार. हात मऊ होता, बसल्या. उजव्या हातात सात, डाव्या हातात आठ. डाव्या हातात एक जास्त भरायची आमच्या घरची रीत. ती एक कासाराकडून.

सासरे एक गोष्ट रोज सांगायचे. कासाराच्या हातून मोकळा हात उठू नये. जुन्या काढल्या तर एक तरी ठेवावी, नवी चढली की मग ती काढावी. पंचवीस वर्षं मी तसंच करत आले होते. माझ्या हातांना ते सांगावं लागत नव्हतं.

*

लहान मुलांचा वॉर्ड मागच्या बाजूला होता. बाहेर बोळ, बोळात पांढऱ्या फरशीची मोरी, वर लांब दांडीचा नळ. भिंतीवर हात धुण्याची सहा चित्रं चिकटवलेली. चित्रातल्या हातांत बांगड्या नव्हत्या.

स्वरूपा बाकावर बसली होती. एकवीस वर्षांची. झंपर पुढून ओला. दाराला एक चौकोनी काच होती, ती त्या काचेकडे बघत होती.

"काकी, लवकर काढा," ती म्हणाली. "चार दिवस झाले. मी अजून हात लावलेला नाही."

सिस्टर बाहेर आली. छातीवर पाटोळे असं नाव. बारीक, उंच, डोळ्यांखाली काळं.

"ह्या कोण?"

"कासारीण," वैनी म्हणाल्या.

"बरं झालं. मी सुताराला बोलवायला निघाले होते."

स्वरूपा हसली. मग तिने पुन्हा काचेकडे बघितलं.

मी खाली बसले, तिचा उजवा हात मांडीवर घेतला, साबणाचा फेस केला. पंजा सुजला होता. बोटं एकत्र केली, अंगठा आत दुमडला, हाडावर माझा अंगठा ठेवला आणि दाबलं. पहिली निघायला वेळ लागला. तिने ओठ चावला.

"दुखतंय?"

"नाही. काढा."

दुसरी, तिसरी. सातवी निघाली तेव्हा मनगटावर एक पट्टा दिसला, बोटभर रुंद. कडेला काळी रेघ होती. मधे वाळलेलं पीठ, हळदीचा पिवळा डाग, कसलीतरी बुरशी धरल्यासारखी साय.

सिस्टर वाकली. तिने त्या पट्ट्यावरून कापसाचा बोळा फिरवला आणि वैनींच्या समोर धरला.

"हे बघा आजी."

वैनींनी बघितलं.

"आत सहा बाळं आहेत. एकाचीही कातडी नीट तयार नाही. पोटभर दूध नाही, अंगात ताकद नाही. हे एवढं त्यांना पुरतं." तिने बोळा डब्यात टाकला. "मी तुमच्या बांगड्यांच्या वाईटावर नाही. माझंही लग्न झालंय. मी बांगड्या घरी खुंटीला ठेवून येते, घरी गेले की घालते. नवरा आहे अजून."

वैनींनी स्वरूपाच्या हाताकडे बघितलं. मग म्हणाल्या, "पद्मल, काढ सगळ्या. एकबी ठिवू नगं."

आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मी डावा हात घेतला.

सिस्टर स्वरूपाला सांगत होती. "आधी तळवे, मग हातांची पाठ, मग बोटांच्या बेचक्या, मग नखं, मग अंगठा, मग मनगटापासून कोपरापर्यंत. साठ आकडे मोजायचे, घाई नाही. झाल्यावर नळ कोपराने बंद. हात वर धरून वाळू द्यायचे. पुसायचे नाहीत. पदराला नाही, कशालाच नाही. मग तो खुंटीवरचा झगा. कळलं?"

"कळलं."

"सांगा बघू."

स्वरूपाने न चुकता सांगितलं.

आत काहीतरी टूं टूं वाजायला लागलं. सिस्टर वळली. "मला आत जायला हवं. तुम्ही धुवा. मोठ्याने मोजा, मला आत ऐकू आलं पाहिजे." दार अर्धं उघडं ठेवून ती गेली.

डाव्या हातातल्या सात निघाल्या. त्या मी उजव्या हातातल्या सातांवर ठेवल्या. चौदा, एकही तडकलेली नाही.

"ही निघत नाही," मी म्हणाले.

स्वरूपाने आठवीकडे बघितलं. "का?"

"हात सुजलाय."

"मग फोडा."

"काच लागली तर? रक्त आलेल्या हाताने आत घेतील तुला?"

तिने दाराच्या काचेकडे बघितलं. आतून सिस्टरचा आवाज आला, "झाल्या का?"

"झाल्या," मी म्हणाले.

"सगळ्या?"

"सगळ्या."

स्वरूपा माझ्याकडे बघत होती. मी तिची आठवी बांगडी वर सरकवली, जाईल तेवढी. "काच आहे," मी हळू म्हणाले. "हातासारखीच धुतली जाते."

वैनी भिंतीकडे तोंड करूनच उभ्या होत्या.

*

एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात. तळव्यावर तळवा. ती शाळेत पाढे म्हणतात तशी मोजत होती.

आठ ते सोळा. हातांची पाठ.

सतरा. पिठाचा लगदा सुटला आणि मोरीत गेला.

अठरा ते पंचवीस. बेचक्या. तिने प्रत्येक बेचकी दोनदा केली.

सव्वीस, सत्तावीस. नखं तळव्यावर घासली. एका नखावर मेंदीचा लाल अर्धा चंद्र राहिला होता.

"हळू," आतून सिस्टर. "धावू नका."

अठ्ठावीस. एकोणतीस.

तीस ते अडतीस. अंगठे.

एकोणचाळीस. बांगडी खाली आली. तिने दुसऱ्या हाताने ती वर केली. आकडा चुकला नाही.

चाळीस ते बावन्न. मनगट, कोपर. बांगडीच्या वर, बांगडीच्या खाली, मग बांगडी फिरवून. तिने खरंच नीट धुतलं. त्यानंतर इतकी वर्षं मी हात धुणारी माणसं बघते आहे. तिच्याइतकं नीट कुणी धुतलं नाही.

त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न.

छप्पन्नला ती काचेकडे बघायला लागली.

साठ.

*

झगा मोठा होता. बाही मनगटापर्यंत आली. सिस्टरने पायाने दार उघडलं आणि स्वरूपा आत गेली.

मी काचेतून बघितलं. सिस्टरने पेटीचं झाकण उचललं, नळ्या एका बाजूला केल्या. पेटीवरच्या कागदावर वजन लिहिलं होतं, एक किलो तीनशे चाळीस. बाळ लाल होतं. पाठीवर लव होती. डोक्यावर टोपी, टोपी मोठी झालेली. तिने ते स्वरूपाच्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखं, आणि वरून झगा बांधला. स्वरूपाने हात हवेत धरले होते. सिस्टर काहीतरी म्हणाली. मग स्वरूपाने एक हात बाळाच्या पाठीवर ठेवला. पाठ हाताखाली पूर्ण झाकली गेली.

"घेतलं का?" वैनींनी विचारलं. त्या अजून भिंतीशीच होत्या.

"घेतलं."

"रडतंय?"

"नाही."

त्या खाली बसल्या. चौदा बांगड्या त्यांनी पदरात बांधल्या. मला म्हणाल्या, "तुझे लई उपकार झाले गं." मी दुकानावर आले. संध्याकाळपर्यंत बाजार होता.

*

रविवारी स्वरूपा दोनदा आत बसली.

सोमवारी तीनदा. बाळाने बोट धरलं, असा निरोप आला.

मंगळवारी दूध नळीऐवजी चमच्याने दिलं.

बुधवारी निरोप नाही.

गुरुवारी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. बोळात कुणी बसलेलं नव्हतं, सगळे उभे होते. वैनी, वैनींचा मुलगा, स्वरूपा. आत डॉक्टर होते. बाळ सकाळपासून दूध घेत नव्हतं. अंग गार पडत होतं. पोट फुगलं होतं.

सिस्टर बाहेर आली. तिने स्वरूपाचे दोन्ही हात धरले आणि मोरीशी नेले. का ते तिने सांगितलं नाही. बाह्या वर केल्या. डावी बाही वर गेली तेव्हा ती थांबली.

तिने माझ्याकडे बघितलं. मी डबा धरून उभी होते.

"सगळ्या म्हणालात तुम्ही."

"निघत नव्हती," मी म्हणाले. "हात सुजला होता."

सिस्टरने स्वरूपाचा हात नळाखाली धरला. साबण लावला नाही. बाळंतपणाला नऊ दिवस झाले होते, सूज उतरली होती. बांगडी पाण्याबरोबर घसरली आणि मोरीत पडली. ती फुटली नाही. गोल फिरत जाळीवर जाऊन थांबली.

"आता निघाली," वैनींचा मुलगा म्हणाला. तो कुणाला म्हणाला ते कळलं नाही.

"तवा न्हवती निघत," वैनी म्हणाल्या. "पद्मल सांगती तर. तिच्यासारखा हात तालुक्यात कुणाचा न्हाई. तिला निघाली न्हाई म्हंजे कुणालाच निघाली नसती."

सिस्टरने बांगडी उचलली, पुसली आणि वैनींच्या हातात दिली.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "बाही वर करून मी बघायला पाहिजे होतं."

तिने ते वहीतही लिहिलं. दुसरी सिस्टर तिला म्हणाली, अगं लिहू नकोस. तिने लिहिलं.

शुक्रवारी दुपारी तीनला बाळ गेलं. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू गेले. कुठून गेले? वैनींच्या मुलाने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. कुठूनही जातात. नळीतून, सुईतून, हातातून.

खिचडीचा डबा बोळातच राहिला. तो नंतर मिळाला नाही.

*

तीन वर्षांनी स्वरूपा दुकानात आली, सातव्या महिन्यात. बरोबर वैनी नव्हत्या. त्यांचे गुडघे गेले होते.

"हिरव्याच ना?" मी विचारलं.

"हिरव्याच. पण मोठ्या मापाच्या. एका झटक्यात निघतील अशा."

मी दोन-आठ काढल्या. तिचा हात घेतला. त्या एक-एक नुसत्या गळून पडल्यासारख्या जात होत्या.

"काकी, एक विचारू?"

"विचार."

"ती खरंच निघत नव्हती ना?"

"नाही गं."

"मी फोडा म्हणाले होते."

"म्हणाली होतीस."

"जोरात नाही म्हणाले." ती हाताकडे बघत होती. "एकदाच म्हणाले. तुम्ही म्हणालात रक्त येईल, आत घेणार नाहीत, आणि मी गप्प बसले. मला आत जायचं होतं. सिस्टरने विचारलं तेव्हाही मी तिथेच उभी होते. मी बोलायला पाहिजे होतं. बोलले असते तर तिने कशानेतरी काढली असती. मग आज मुलगी असती."

मी उजव्या हातात सहावी चढवली.

"घरी कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "घरचे त्या राहिलेल्या बांगडीचं काही धरतच नाहीत. सासूबाई म्हणतात, बांगड्या काढल्या म्हणून झालं. मला माहीत आहे, एक राहिली म्हणून झालं. माझ्यामुळे."

"तसं नसतं," मी म्हणाले.

"तुम्हाला नाही बोलत मी, काकी. तुम्ही आला नसता तर मला ती मिळालीच नसती. पाच दिवस मिळाले. मोजले तर तेवीस तास. तुमच्यामुळे."

उजवा झाला. डावा घेतला. सात भरल्या. आठवी माझ्या हातात होती.

"नको," ती म्हणाली. "तेवढी नको."

मी ती परत ठेवली.

हात भरून झाला की बाई कासाराला नमस्कार करते. तिने वाकायला बघितलं, पोटामुळे वाकता येईना. मी म्हणाले, राहू दे. ती म्हणाली, नाही, असं कसं. खुर्चीचा हात धरून ती खाली बसली आणि तिने माझ्या पायांना हात लावला. मी तिला धरून उठवलं.

तिला मुलगा झाला. तो आता अकरा वर्षांचा आहे. त्याच्या बारशाच्या आमंत्रणाला मी गेले नाही. दुकान होतं. स्वरूपा अजून येते, संक्रांतीला, श्रावणात. त्या दिवसाबद्दल ती परत कधी बोलली नाही. मीही नाही.

निघत होती. सात बांगड्या ज्या हाडावरून उतरल्या, त्याच हाडावरून आठवी उतरली असती. त्याच मापाची होती, त्याच साच्यातली. मी ती ओढून बघितलीच नाही. हात मोकळा जाऊ द्यायचा नव्हता, एवढंच.

त्या शनिवारी साठ मोजून झाल्यावर ओल्या हातांवर झग्याची बाही चढेना, म्हणून स्वरूपाचे दोन्ही हात मी माझ्या कमरेला खोचलेल्या फडक्याने पुसले होते. बाजाराचा दिवस होता, त्या फडक्याने सकाळपासून एकवीस बायकांचे हात पुसून झाले होते.